बारा फुटांची हिमनदी

आमच्या झरी गावात कोणाच्याही घरी जा. भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाची मान थोडी एका बाजूला वळलेली दिसेल. ती महारुद्रची खूण. "मान जरा खिडकीकडं... हां, राहू द्या," एवढंच तो म्हणायचा आणि फोटो काढायचा. हसा म्हणून त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई चतुराबाई, त्याला चिडवायच्या.

"महारुद्रा, तुझ्या फोटोत सगळं गाव दाढ दुखल्यासारखं दिसतंय रे."

"दात दाखवले असते तर म्हणला असता, दात कशाला काढले," तो म्हणायचा.

त्याचा स्टुडिओ म्हणजे घराची रस्त्याकडची खोली. मागच्या खोलीत त्याची आई, कडूबाई. तिच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा तो तिशीचा होता. पुढं अकरा वर्षं ती खाटेवर होती. फोटोला बसलेल्या माणसाला तो मधेच "दोन मिनिटं हं" म्हणायचा, आत जायचा, आईची कूस बदलायचा, हात धुऊन परत यायचा. मी शाळेत शिकवायचे. ओळखपत्राच्या फोटोसाठी वर्ग घेऊन गेले की तेवढी दोन मिनिटं पोरंसुद्धा गप बसायची.

त्याचं लग्न झालं नाही. गावातल्या मुलींचे स्थळासाठीचे फोटो तोच काढायचा. पण त्यातला एकही त्याला दाखवायला म्हणून काढलेला नव्हता. "पोरगी द्यायची ती म्हातारीचं करायला का?" हे त्याच्या तोंडावर बोललेलं मी ऐकलंय. तो कॅमेऱ्याची काच पुसत राहिला.

कडूबाई गेल्या. त्यानंतर कधी फोटो काढता काढता तो मधेच थांबायचा, मागच्या दाराकडं बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. मला ते बघवायचं नाही. एक दिवस घरी आल्यावर देवापुढं दिवा लावताना मी त्याच्यासाठी हात जोडले. काय मागावं ते मात्र सुचेना.

केदारनाथला पूर आला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. देवगाव फाट्याचा बालाजी दर उन्हाळ्यात यात्रेची गाडी काढायचा. त्या वर्षी आमच्या गावातली चौदा म्हातारी माणसं निघाली. आत्याबाई होत्या, किशनराव होते. मला जाता आलं नाही, घरी लेकीचं बाळंतपण होतं. बालाजी महारुद्रला म्हणाला, "तुमी चला. म्हाताऱ्यांना चढवा-उतरवा, फोटो काढा. राहणं-खाणं माझ्याकडं." महारुद्रनं दुकानाला कुलूप लावलं आणि गेला. अकरा वर्षांत तो परभणीच्या पुढं गेला नव्हता.

पुढचं सगळं मला त्यानंच सांगितलं, पण ते फार नंतर. मी जसं घडलं तसंच सांगते.

गाडी गंगोत्रीला पोचली. आमच्याकडं गंगा करून आलेल्या माणसानं मावंदं घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. आणलेल्या गंगेची पूजा करायची आणि गावाला जेवू घालायचं. तांब्याच्या लहानशा गडूत ते पाणी भरून कथलानं तोंड बंद करतात आणि गडू देवघरात ठेवतात. माणूस जायला लागलं की तो फोडायचा आणि दोन थेंब तोंडात घालायचे. त्यामुळं पाणी कुठलं, ही साधी गोष्ट नसते.

किशनराव म्हणाले, "इथली गंगा खरी, पण तिचं तोंड अठरा किलोमीटर वर हाय. गोमुख. एवढ्या लांब येऊन तोंडाचं पाणी न नेता जायचं का?"

"मग जावा की तुमी," आत्याबाई म्हणाल्या. "पायरी चढताना दोघांनी धरावं लागतंय, अन् गोमुखाच्या गप्पा."

त्या चौदांत कोणाच्याच गुडघ्यात ते चढण्याचा जोर नव्हता. सगळ्यांनी महारुद्रकडं बघितलं. बालाजीनं परवानगीचा कागद काढला, दोन दिवसांचा. सोबत तिथला एक वाटाड्या दिला. पाच लिटरचा कॅन धुऊन, त्याला कुंकू लावून आत्याबाईंनी महारुद्रच्या हाती दिला.

"एक ध्यानात ठेव," त्या म्हणाल्या. "भरलेला कॅन भुईवर टेकवायचा न्हाई. खांद्यावर, न्हाईतर झाडाला. भुईवर टेकला की गंगा तिथंच राहिली म्हणायची."

"न्हाई टेकवणार, माय."

"अन् वर काय काय हाय ते नीट बघून ये," किशनराव म्हणाले. "आमाला सांग."

"सांगून काय कळतंय?" आत्याबाई म्हणाल्या. "फोटो आण. सगळं एका फोटोत बसंल असा. तुकडे तुकडे नको."

महारुद्रला हे काम येत होतं. शाळेचा ग्रुप फोटो काढताना त्याच्या कॅमेऱ्यात सगळी पोरं मावायची नाहीत. मग तो कॅमेरा तिकाटण्यावर बसवून तीन फोटो काढायचा आणि संगणकावर जोडायचा. आधीच्या फोटोतलं शेवटचं पोर पुढच्या फोटोत पहिलं आलं पाहिजे, म्हणजे जोड दिसत नाही. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तो आणि वाटाड्या भोजबासाच्या मुक्कामापर्यंत गेले. तिथून गोमुख चार किलोमीटर. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघाले. सातला गोमुखासमोर होते. बर्फाची उंच भिंत, खाली निळसर काळी कपार आणि तिच्यातून दणदणत बाहेर पडणारं गढूळ पाणी. महारुद्रनं हात जोडले.

वाटाड्यानं सांगितलं, पाणी भरायचं ते नऊ-दहाच्या आत. ऊन तापलं की वरचे दगड सुटतात, मग तोंडाजवळ कोणी जात नाही. महारुद्रनं विचारलं, सगळी हिमनदी एका जागेवरून कुठून दिसेल? वाटाड्यानं बाजूच्या दगडगोट्यांच्या धारेकडं बोट केलं. तासाभराची चढण. पण आभाळ आत्ताच मोकळं आहे, पुढं ढग येतात.

आता बघा. आधी पाणी भरलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण भरलेला कॅन भुईवर टेकवायचा नव्हता. वर झाड नाही, झुडूप नाही. तिकाटणं लावायला, कॅमेरा धरायला दोन्ही हात लागणार. वाटाड्याजवळ द्यावा तर त्याच्या तोंडात बिडी. गंगा बिडीवाल्याच्या हातात कशी द्यायची? त्यानं ठरवलं, आधी फोटो, मग उतरताना पाणी. नवाच्या आत होईल सगळं.

रिकामा कॅन पाठीला बांधून तो चढला.

"वहिनी," त्यानं मला सांगितलं, "आपल्या पुस्तकात हिमनदी पांढरीशिफद असती. तसं काही न्हाई. वर सगळे दगडगोटे, माती. आपल्या पूर्णेच्या पात्रात उन्हाळ्यात पडलेले असतात ना येलदरी धरणाखाली, तसे. मला आधी वाटलं, आपण चुकीच्या जागी आलो. मग चीर दिसली एक. चिरंत निळं. एवढं निळं मी कधी बघितलं न्हाई. तवा कळलं, ही सगळी जमीन न्हाईच, हे बर्फ हाय, अन् त्यानं अंगावर दगडं घेतलेत."

डाव्या हाताला खाली गोमुखाचा कडा, तिथून ती बर्फाची वाट वळत वळत डोंगरांच्या आत गेलेली. नांगरलेल्या रानासारख्या तिच्यावर रेघा. दोन्ही अंगांना शिखरं. पक्षी नाही, माणूस नाही. वाटाड्या खाली आडोशाला बसलेला.

"आवाज येतो," महारुद्र म्हणाला. "मधूनच, आतून. कुणी खाटंवर कूस बदलावी तसा. पहिल्यांदा आला तवा मी उठलोच."

त्यानं कॅमेरा उभा धरून बसवला, पातळी बघितली आणि डावीकडून सुरुवात केली. आधीच्या फोटोतला शेवटचा डोंगर पुढच्या फोटोत पहिला. एकवीस फोटो लागणार होते. बाराव्याला पोचला आणि हिमनदीच्या लांबच्या टोकावर ढग उतरला. टोक गेलं. तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून काढावे लागणार होते, कारण ऊन बदललं की जोड उठून दिसतो.

खालून वाटाड्या ओरडला, "भाईसाब, पानी भरना है तो अब चलो!"

"दस मिनिट!"

दहा मिनिटांनी ढग हलला आणि दुसरा आला. महारुद्रनं पुन्हा दस मिनिट म्हटलं. असं किती वेळा म्हटलं ते त्याला सांगता आलं नाही. "एकदम तीन तास थांबायचं हाय असं कुणी म्हणलं असतं तर मी उतरलोच असतो," तो म्हणाला. "पण दहाच मिनिटं होते ना दरवेळी."

अकरा वाजून गेल्यावर सगळं एकदम उघडलं. टोकापर्यंत. त्यानं चार मिनिटांत एकवीस फोटो काढले. हात थंडीनं लाकूड झालेले, तरी एकही फोटो हलला नाही. सगळं झाल्यावर तो तिथंच एका दगडावर बसला. म्हणाला, आपण एवढी मोठी गोष्ट केली आणि सांगायला शेजारी कोणी नाही, हे त्याला तेव्हा फार लागलं. मग मनात आलं, खाली चौदा माणसं बसलीत, त्यांना सांगू.

गोमुखाशी उतरला तेव्हा एक वाजला होता. कड्यावरून दगड सुटत होते. तो कॅन घेऊन पुढं निघाला तर वाटाड्यानं त्याचा दंड धरला. तेवढ्यात घागरीएवढा एक दगड, त्यानं जिथं पाय ठेवला असता तिथं, पाण्यात पडला. वाटाड्या म्हणाला, कल सुबह. पण उद्या सकाळी गाडी निघणार होती आणि कागदही आजच संपत होता.

भोजबासाला आल्यावर महारुद्र नदीत उतरला आणि त्यानं कॅन भरला. नदी तीच, पाणी तेच, फक्त चार किलोमीटर खाली. तिथून गंगोत्रीपर्यंत चौदा किलोमीटर तो कॅन त्यानं कुठं टेकवला नाही. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर. सपाट वाट आली तरी बसला नाही. दिवेलागणीला तो धर्मशाळेत पोचला तेव्हा चौदाही जण दारात उभे होते. आत्याबाईंनी कॅनला कपाळ लावलं.

"तोंडाचं हाय ना रे बाबा?"

आणि तो म्हणाला, "हो, माय."

मी त्याला विचारलं, का म्हणालात? तो म्हणाला, "चौदा माणसं एकदम हात जोडून उभे होते, वहिनी. तुमी असता तर काय म्हणला असता?"

मग किशनरावांनी विचारलं, "फोटो?"

फोटो आहे म्हटलं तर कधी काढला हे येणार, मग पाणी कधी भरलं हे येणार. बालाजीला तिथल्या वेळा पाठ होत्या. महारुद्र म्हणाला, "ढग आले. न्हाई जमलं."

"असू दे," आत्याबाई म्हणाल्या. "पाणी आणलंस, लय झालं."

झरीत आल्यावर महिनाभर मावंदी चालली. वेशीत वाजंत्री आली, गडूंची पूजा झाली. गंगा आणणारा म्हणून प्रत्येक घरी महारुद्रला पहिल्या पाटावर बोलावणं. दोन घरी तो गेला. आमच्या घरी मी स्वतः त्याच्या पायांवर पाणी घातलं. त्यानं पाय मागं ओढले तेव्हा मला वाटलं, लाजला. तिसऱ्या घरापासून त्याची तब्येत बिघडायला लागली. एकदा पोट, एकदा ताप. लोक म्हणाले, "गंगा आणली तर लय भाव वाढला ह्याचा. पाया पडायला लावतो का काय आता?" मग लग्नातही तो फोटो काढून जेवायच्या आत निघून जायला लागला. हळूहळू लोकांनी आग्रह करायचं सोडलं. आत्याबाई रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, "महारुद्रा, आलास न्हाई रे घरी." तो म्हणायचा, "येतो, माय." सहा वर्षं तो आला नाही.

त्या पहिल्या पावसाळ्यात त्यानं ते एकवीस फोटो जोडले. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसायचा. एवढा लांब फोटो कागदावर निघत नव्हता, म्हणून परभणीला फ्लेक्सच्या दुकानात गेला. मशीनवरचा माणूस म्हणाला, "बारा बाय तीन. वाढदिवस कुणाचा हाय?"

"कुणाचा न्हाई."

"मग साहेबांचा फोटो कुठं बसवायचा? वर गोलात टाकू का?"

"कुणाचाच फोटो न्हाई टाकायचा."

"नाव तरी?"

"नाव बी न्हाई."

त्या माणसानं त्याच्याकडं बघितलं म्हणे, आणि छापून दिलं.

दोन हजार अठराच्या आषाढात मी आत्याबाईंच्या कसल्याशा फॉर्मचा फोटो पुन्हा छापून घ्यायला गेले होते. स्टुडिओत मागं पांढरा पडदा असतो तसा त्याच्याकडंही होता. सगळ्या गावाचे पासपोर्ट फोटो त्याच्यापुढं काढलेले. पंखा जोरात होता. पडद्याची कड उलटली आणि मला आतून निळं दिसलं. मी शिकवणारी बाई, कागदाची दुसरी बाजू बघायची खोड. कड धरून थोडी ओढली. डोंगर दिसला, बर्फाची चीर दिसली.

"महारुद्रभाऊ, हे काय?"

त्यानं माझ्या हातातून कड काढून घेतली आणि पडदा सरळ केला. मग स्टुलावर बसला. मला वाटलं, रागावला. पण तो बोलायला लागला, आणि वर लिहिलं ते सगळं त्यानं सांगितलं. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला "उद्या या" म्हणाला.

सगळं ऐकून मी म्हणाले, "आत्याबाईंचा गडू देवघरात आहे."

"ठावं हाय मला."

"त्या ब्याऐंशीच्या झाल्या, भाऊ."

"म्हणूनच बोललो तुमाला. तुमी सांगा त्यांना."

"मी नाही. हो तुम्ही म्हणालात."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सहा वर्षांनी आमच्या दारात. आत्याबाई ओसरीवर तुरी निवडत होत्या. काखेत सुतळीनं बांधलेली फ्लेक्सची गुंडाळी होती, ती त्यानं भिंतीला टेकवली आणि समोर भुईवर बसला. चहा घेतला नाही. खाली बघून एका दमात सगळं सांगितलं. आत्याबाईंचे हात सुपात थांबले.

मग त्या म्हणाल्या, "भुईवर टेकवला का?"

"न्हाई, माय. त्याची आण घेतो."

"मग पाणी गंगाच हाय. पाण्याला काय झालं न्हाई." त्यांनी एक खडा काढून अंगणात टाकला. "पण तू मला हो म्हणलास. मी सहा वर्षं रोज त्या गडूला हात लावून म्हणती, तोंडाची गंगा. रोज, महारुद्रा."

"मी सगळ्यांच्या घरी जातो, माय. सगळ्यांना सांगतो. पाया पडतो."

"कुणाला सांगतोस?" त्यांचा आवाज चढला. "सहा जणं गेले आपल्यातले. भुजंगच्या तोंडात लेकानं तेच पाणी घातलं, बबिताच्या घातलं. त्या लेकरांला जाऊन म्हणशील का, तुमच्या मायबापाला मी फसवलं? तुझं मन हलकं होईल, अन् त्यांनी काय करायचं?"

त्यानं भुईवर सांडलेला तुरीचा दाणा उचलून सुपात ठेवला.

"अन् जे राहिलेत, किशनराव हाय, बाकीचे हायत, त्यांचा काय भरवसा? आज हाय उद्या न्हाई. जाताना त्यांच्या मनात किंतु नको. आमच्या गाडीतलं एक बी माणूस हाय तवर तू तोंड उघडायचं न्हाई. हे तुझं प्रायश्चित्त समज."

"बरं, माय." मग त्यानं गुंडाळीकडं हात केला. "तुमी म्हणला होता, सगळं एका फोटोत बसंल असा आण. आणलाय."

मला वाटलं, त्या बघतील. त्यांचेही डोळे एकदा तिकडं गेले. पण त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं.

"नको. बघितला अन् चांगला निघाला असंल तर म्हणीन, बरं झालं थांबलास. मग माझी श्रद्धा काय कामाची? अन् चांगला नसंल तर म्हणीन, ह्याच्यापायी सोडलं होय माझं पाणी. दोन्ही नको मला. ने घरी."

तो उठला. सुतळी घट्टच होती, तरी त्यानं ती पुन्हा आवळली. मागच्या बोळानं गेला. रस्त्यानं गेला असता तर कोणी विचारलं असतं, काय हाय हे.

तो गेल्यावर आत्याबाई मला म्हणाल्या, "त्याला जेवायला थांबव म्हणायचं राहिलं." पण नंतर त्यांनी त्याला कधी बोलावलं नाही, आणि तोही आला नाही.

त्या दीड वर्षानं गेल्या. गडूचं तोंड मीच फोडलं. पाणी आत अर्ध्यावर आलेलं होतं, स्वच्छ होतं. मी दोन थेंब त्यांच्या ओठांवर घातले आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आत्याबाई, गंगा." तोंडाची, असं मी म्हटलं नाही. त्यांनी गिळलं. मी माझ्या देवाला सांगितलं, जे काही उणं असेल ते माझ्याकडं लाव.

शेवटचा फोटो काढायला महारुद्र आला होता. आमच्याकडं काढतात. फोटो काढून तो गर्दीच्या मागं लिंबाखाली उभा राहिला. लोक त्याच्याजवळून जात-येत होते, पण कोणी थांबत नव्हतं. एवढ्या वर्षांत सवय मोडलेली असते.

मग एकेक करत बाकीचे गेले. कुणाच्या घरचं कळलं की महारुद्र कॅमेरा घेऊन जायचा, आणि मला दिसायचं की तो मनात मोजायलाय. मागच्या पौषात किशनराव गेले. चौदांतले शेवटचे. ब्याण्णव वर्षांचे होते, शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे, "आमच्या गडूत गोमुखाचं पाणी हाय, महारुद्रनं आणलेलं."

त्यांचा तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टुडिओत गेले. तोही आता पंचावन्नच्या पुढं गेलाय, केस पांढरे झालेत. मी म्हणाले, "भाऊ, आता बंधन नाही तुमच्यावर. तो पडदा उलटून लावा, फोटोची बाजू पुढं. गाव बघू द्या."

"कुणाला दाखवू, वहिनी?" तो म्हणाला. "ज्यांनी आणायला सांगितला, ते सगळे गेले. आता लोक मोबाईलवर असले शंभर बघतेत. बघतेल अन् म्हणतेल, चांगलाय. चांगलाय म्हणून घ्यायला मी थांबलो नव्हतो तिथं."

"मग मला दाखवा. मी कडच बघितलीय फक्त."

मग त्यानं पडद्याच्या वरच्या दोऱ्या सोडल्या आणि खाली गुंडाळून ठेवलेला भागही उलगडला. एवढी वर्षं भिंतीकडं तोंड करून राहिल्यामुळं एक-दोन जागी रंग उडून चुन्याचे ठिपके आले होते. बाकी सगळं होतं. पण बारा फूट त्या खोलीत मावेना. आम्ही मधलं दार उघडलं आणि तो आत सरकवला. एक टोक, गोमुखाचं, दुकानाच्या उंबऱ्याशी आलं. दुसरं टोक मागच्या खोलीत कडूबाईंच्या खाटेवर गेलं. ती खाट अजून तिथंच आहे, गादी गुंडाळलेली.

मी चप्पल बाहेर काढली आणि कडेकडेनं चालत गेले. खरंच पांढरी नव्हती. राखेच्या रंगाची, रेघांची, वळत गेलेली, आणि अंगावरच्या चिरांतून ते निळं. माणूस म्हणून कुठं काही नव्हतं. एवढं मोठं आणि एवढं मोकळं काही मी आयुष्यात बघितलेलं नाही. मी उगीच आवाज ऐकू येतो का म्हणून उभी राहिले. वरचा पंखा तेवढा वाजत होता.

महारुद्र गुडघ्यांवर बसला आणि सांगायला लागला. हे इथलं शिखर सकाळी आधी पिवळं होतं, मग पांढरं. ह्या इथं ढग उतरला होता. ही रेघ म्हणजे दोन हिमनद्या मिळतात तिथली माती. हे जे काळं दिसतं ते पाणी आहे, वरच साचलेलं. इथं आवाज झाला. इथं मी वाटाड्याला पहिल्यांदा दहा मिनिटं म्हणालो. तो थांबत नव्हता. मधूनच "बघा किशनराव" असं त्याच्या तोंडून गेलं, त्याला ते कळलं नाही आणि मी कळू दिलं नाही. चौदा जणांना सांगायचं होतं ते सगळं त्यानं नीट क्रमानं लावून ठेवलेलं होतं, त्यातला एक शब्दही विसरलेला नव्हता, आणि ऐकायला मी एकटी होते, जिला गुडघेदुखीनं खाली बसताही येत नव्हतं.

तासाभरानं त्याचं सांगून संपलं. मी विचारलं, हे सगळं लिहून ठेवू का? तो म्हणाला, "लिहा. माझं नाव लिहिलं तरी चालंल. पण पाणी गंगाच होतं, हे आधी लिहा."

ते मी आधी लिहायला विसरले, म्हणून इथं लिहिते. पाणी गंगाच होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून फ्लेक्स गुंडाळला. त्यानं भिंतीवर जुनी पांढरी चादर ठोकली, कारण संध्याकाळी एका मुलीचा फोटो काढायचा होता, कुठल्यातरी परीक्षेच्या फॉर्मसाठी.